मी जिंकलेला दावा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुहासलासुद्धा नाही—सत्तावीस वर्षं झाली आमच्या लग्नाला, माझ्या गुडघेदुखीपासून ईमेलच्या पासवर्डपर्यंत सगळं त्याला माहीत आहे, पण हे नाही. पुण्याला आईशी रोज बोलते, तिलाही नाही. एकदा अगदी ओठांवर आलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्टॅनमोरला एका मैत्रिणीकडे गेले होते, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्यासारखी सरळ बाई वकिलीत टिकली कशी गं?" मला वाटलं, आता बोलावं. मी समोरची तिळाची वडी उचलली आणि तोंडात टाकली.

तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. दुसरं कारण शोधत बसले तर ते मीच रचलेलं असेल—आणि रचण्यात मी किती तयार आहे ते तुम्हाला कळेलच.

मी क्रिमिनल वकील आहे. हॅरोमध्ये एका फिजिओथेरपिस्टच्या वरच्या मजल्यावर आमचं लहानसं ऑफिस आहे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं आम्ही लीगल एडवर करतो, म्हणजे सरकारच्या खर्चाने. पोलिसांनी कुणाला पकडून आणलं आणि तो "मला वकील हवा" म्हणाला, की त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याला फोन येतो. आमच्याकडे येणारा माणूस आम्हाला निवडत नाही. आम्ही त्याच्या वाट्याला येतो.

शैलाच्या वाट्याला मी आले. (नाव बदललं आहे. तेवढं मी नक्कीच करू शकते, नाही का?)

सहा वर्षं झाली. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. पोलीस स्टेशनच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत ती बसली होती. सेहेचाळीस वर्षांची, कामाचा निळा ट्युनिक अंगात तसाच—तिला कामावरूनच उचललं होतं. माझं नाव ऐकल्याबरोबर तिने विचारलं, "तुम्ही मराठी आहात जी?" मी हो म्हटलं, आणि ती रडायला लागली. तोवर रडली नव्हती, असं दारावरचा सार्जंट मला नंतर म्हणाला.

ती मूळची अकोल्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आली, तो काही वर्षांत वारला, मुलगी मृणाल इथल्या शाळेत रुळली होती म्हणून मागे राहिली. अकरा वर्षं एकाच केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे काम करत होती. त्या होममध्ये मिसेस विल्मट नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाई होत्या, स्मृती गेलेल्या. आदल्या दिवशी दुपारी तीननंतर त्या खोलीत रडताना सापडल्या, आणि त्यांच्या दोन्ही दंडांवर बोटांचे वळ होते. दुसऱ्या एका केअररने सांगितलं की तिने ओरडण्याचा आवाज ऐकला आणि शैलाला खोलीतून बाहेर पडताना पाहिलं.

शैलाचं म्हणणं, ती तिथे नव्हतीच. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला लिनन रूममध्ये चादरींच्या घड्या घालत होती, चांगली वीस मिनिटं.

"तिथे कॅमेरा आहे ना, ताई. लिनन रूमच्या दारावर. त्याच्यात दिसेन की मी."

हे ती एकदा नाही, तीनदा म्हणाली. मी माझ्या वहीत लिहून घेतलं—कॅमेरा, लिनन रूमचा कॉरिडॉर, आजच पत्र. 'आजच'खाली रेघ ओढली. होमला पत्र पाठवायचं, की हे रेकॉर्डिंग जपून ठेवा. चार ओळींचं पत्र. असली शेकडो पत्रं मी पाठवली असतील.

मग पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरं देऊ नकोस, असा सल्ला मी तिला दिला. त्या टप्प्यावर पोलिसांकडे काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून बरेचदा आम्ही हेच सांगतो. तिने ऐकलं. प्रत्येक प्रश्नाला "नो कॉमेंट" म्हणाली, दर वेळी माझ्याकडे बघून, बरोबर बोलतेय ना असं विचारल्यासारखं. त्यामुळे पोलिसांनी जबाब रेकॉर्ड केला त्या टेपवर कॅमेऱ्याचा उल्लेख नाही. लिनन रूमचाही नाही. पोलिसांनी होमला विचारलं तेव्हा 'खोल्यांमध्ये कॅमेरे नाहीत' असं उत्तर आलं, ते त्यांनी तसंच लिहून घेतलं. म्हणजे तिने ही गोष्ट मला सांगितली होती हे तिच्याखेरीज जगात फक्त दोन ठिकाणी होतं—माझ्या वहीत आणि माझ्या डोक्यात.

ते पत्र मी पाठवलं नाही.

विसरले. त्या आठवड्यात माझ्याकडे किती केसेस होत्या, ऑफिसात कोण रजेवर होतं, हे सगळं मला तोंडपाठ आहे, आणि ते मी तुम्हाला सांगणार नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी भरली वांगी केली होती. सुहास म्हणाला होता, झकास झालीत. वहीवरून मीटिंगची नोंद टाइप केली दुसऱ्या दिवशी, आणि टाइप करताना नेमकी ती एक ओळ राहिली. मुद्दाम नाही. तेव्हा तरी नाही.

सात आठवड्यांनी फाइल पुन्हा उघडली तेव्हा वहीतली ती रेघ दिसली. केअर होमच्या मॅनेजरला फोन लावला. ती अतिशय सौजन्याने म्हणाली की त्यांच्याकडे रेकॉर्डिंग तीस दिवस राहतं, मग आपोआप पुसलं जातं; आधी कळवलं असतं तर काढून ठेवलं असतं.

विसरणं हा माझा अपराध, असं म्हणून मला इथे थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. विसरायला काय, कुणीही विसरतं. पण थांबू कशी?

त्याच आठवड्यात शैला ऑफिसला आली. मुलीने दिलेली हिरवी शाल होती अंगावर. खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं, "कॅमेऱ्याचं आलं का हो?"

मी म्हटलं, "मागवलं होतं मी. पण तो कॅमेरा चालू नव्हता."

किती सहज गेलं तोंडातून! तयारी केली नव्हती, रात्रभर विचार वगैरे केला नव्हता. समोर ती होती आणि वाक्य आलं.

"पण त्याचा लाल दिवा तर लागलेला असायचा," ती म्हणाली.

"दिवा लागतो. रेकॉर्डिंग होत नसतं. असं असतं कधीकधी."

तिने शाल सारखी केली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणता तर तसंच असेल."

क्राउन कोर्टात चार दिवस खटला चालला. कोर्टात आमची बाजू मांडणाऱ्या बॅरिस्टरलाही मी एवढंच सांगितलं होतं की फुटेज उपलब्ध नाही. सरकारी वकिलाने शैलाला विचारलं, लिनन रूममध्ये होता, तर पहिल्याच दिवशी पोलिसांना का नाही सांगितलंत? तिने माझ्याकडे पाहिलं. मग ज्युरीला म्हणाली, "माझ्या वकिलांनी गप्प राहायला सांगितलं होतं." ज्युरीतली बारा माणसं माझ्याकडे बघायला लागली, आणि मी फाइलमधलं काहीतरी शोधायला लागले.

दोषी. शिक्षा सस्पेंडेड होती, तुरुंगात जावं लागलं नाही. पण केअरच्या कामाला बंदी आली. अकरा वर्षं जे एक काम तिला येत होतं, ते पुन्हा करायचं नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिने मला विचारलं, "मिसेस विल्मटना आता कोण भरवत असेल? त्यांना घोट-घोट पाजावं लागतं."

तुम्ही विचाराल, ती खरंच निर्दोष होती का? मला माहीत नाही. तेच तर सांगतेय. ते माहीत करून घेण्याची एकच वाट होती, ती तीस दिवस उघडी होती, आणि ती मी बंद होऊ दिली. नंतर मी स्वतःला समजवायचा प्रयत्न केला की कॅमेऱ्यात कदाचित तीच त्या खोलीतून बाहेर पडताना दिसली असती. असा विचार करून झोप लागते का? लागते, खरं सांगते. काही दिवस लागते.

मृणाल तेव्हा मिल्टन कीन्सला आयटीत नोकरी करत होती. आईने कॅमेऱ्याचं पहिल्याच संध्याकाळी तिला सांगितलं होतं, आणि 'कॅमेरा चालू नव्हता' यावर तिचा विश्वास बसला नाही. तिने सरळ होमला ईमेल करून विचारलं. उत्तर आलं—कॅमेरा चालू होता, तीस दिवसांनी पुसलं गेलं. तिने दुसरे वकील गाठले आणि त्यांनी अपिलाची तयारी सुरू केली. मुद्दा एकच, आधीच्या वकिलाने वेळेत फुटेज मागवलं नाही. अशा वेळी आधीच्या वकिलाला पत्र येतं, की हा आरोप आहे, तुमचं काय म्हणणं?

मृणालने मला फोनही केला. इथेच वाढलेली मुलगी, मराठी अडखळत बोलायची. "आंटी, तुम्ही ओन्ली खरं सांगा ना, प्लीज. ममने तुम्हाला कॅमेरा सांगितली होती ना?"

मी म्हटलं, याबद्दल मला तुझ्याशी बोलता येत नाही, नियम असतात. नियम खरेच असतात.

नव्या वकिलांचं ते पत्र दुपारी आलं होतं. सहकारी खाली सँडविच आणायला गेला होता. मी ड्रॉवरमधून ती वही काढली, ते पान फाडलं आणि श्रेडरमध्ये घातलं. एक पान जायला दोन सेकंद लागतात. मग तार निघालेल्या वहीतून समोरचं जोडपान सैल लोंबायला लागलं, म्हणून तेही काढलं. त्यावर दुसऱ्या कुणाची तरी केस होती. कुणाची, ते आता आठवत नाही.

उत्तरात मी लिहिलं की पहिल्या भेटीत अशिलाने कॅमेऱ्याचा उल्लेख केला नव्हता. तो सात आठवड्यांनी ऑफिसात केला, आणि तोवर रेकॉर्डिंग पुसलं गेलं होतं. सोबत टाइप केलेली नोंद जोडली. 'कॅमेरा बंद होता' असं मी म्हणाल्याचा जो आरोप होता त्यावर लिहिलं की गैरसमज झाला असावा, अशिलाचं इंग्रजी मर्यादित आहे. आमचं बोलणं मराठीत झालं होतं. पण ते कुणी विचारलं नाही.

माझी पंचवीस वर्षांची निष्कलंक नोकरी एका बाजूला, आणि दोषी ठरलेल्या बाईचं नि तिच्या मुलीचं म्हणणं दुसऱ्या. अपिलाची परवानगी नाकारली गेली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. या देशात पूर्वी कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलावर निष्काळजीपणाचा दावाच करता येत नसे. कितीही चुका करा, अशिलाने सोसायचं. ते संरक्षण इथल्या वरिष्ठ न्यायाधीशांनी काढून टाकलं. परीक्षेत मी त्यावर मोठ्या आवेशाने उत्तर लिहिलं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा माझं भाषण होतं, त्यातही सांगितलं—आता वकील डॉक्टरसारखाच, चुकला तर त्याला जाब विचारता येतो. टाळ्या पडल्या.

जे सांगितलं नाही ते असं. ज्याला शिक्षा झाली आहे त्याने आधी ती शिक्षा रद्द करून आणायची. तोवर दिवाणी कोर्ट दार उघडत नाही, कारण 'वकील चुकला म्हणून मला शिक्षा झाली' म्हणणं म्हणजे 'मी निर्दोष आहे' असं म्हणणं, आणि ज्युरीचा निकाल उभा असताना ते दुसऱ्या कोर्टात पुन्हा उकरता येत नाही. नियम म्हणून पटण्यासारखा आहे. पण शिक्षा रद्द कशी करायची? वकील चुकला हे दाखवून. आणि वकील चुकला हे दाखवणारा कागद कुणाकडे असतो? जुनं संरक्षण गेलं, पण माझ्यासारखीला त्याची गरजच काय होती?

तरीही मृणालने दावा लावला, आईच्या नावाने, वकिलाशिवाय, फॉर्म स्वतः भरून. अशा दाव्यांसाठी आमचा इन्शुरन्स असतो; दावा सुरुवातीलाच काढून टाकावा असा अर्ज त्यांच्या वकिलांनी केला. सुनावणीला मी जाणं गरजेचं नव्हतं. गेले. का गेले? हरले तर निदान संपेल, असं वाटत होतं का? की जिंकताना बघायचं होतं? मला अजून सांगता येत नाही.

काउंटी कोर्टातली लहान खोली, सकाळी साडेदहाची वेळ. सुनावणीची तारीख आयत्या वेळी बदलल्यामुळे मृणालला रजा मिळाली नव्हती. शैला एकटीच आली होती. जज चांगले होते, हळू बोलत होते, तिला मध्ये मध्ये "समजतंय ना?" विचारत होते. ती दर वेळी "येस सर" म्हणत होती. तिचं इंग्रजी म्हाताऱ्या माणसांना उठवण्या-बसवण्यापुरतं, प्रेमाने दटावण्यापुरतं. वीस-पंचवीस मिनिटांत निकाल आला—शिक्षा कायम असताना असा दावा म्हणजे न्यायप्रक्रियेचा गैरवापर ठरतो, म्हणून तो काढून टाकण्यात येत आहे. इंग्रजीत त्या गैरवापराला 'अब्यूज' म्हणतात. म्हाताऱ्या माणसाला इजा करण्यालाही तोच शब्द; पहिल्या खटल्यात शैलाने तो ऐकला होता.

आम्ही बाहेर आलो. आमचे बॅरिस्टर फोनवर बोलायला पुढे गेले. ती माझ्याजवळ आली. चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, जज पुन्हा अब्यूज म्हणाले ना? मी पुन्हा काय केलं?"

तिथे दुसरं कुणीच नव्हतं तिला समजावून सांगणारं. ज्या बाईवर तिने दावा लावला होता, तिलाच तिने निकालाचा अर्थ विचारला. आणि मी सांगितला. सावकाश, चांगल्या मराठीत. म्हटलं, तो शब्द तुमच्याबद्दल नव्हता, कायद्यातला शब्द आहे. दावा चालणार नाही, एवढंच. कारण तुमची शिक्षा कायम आहे.

"आणि शिक्षा का कायम आहे?"

"पुरावा नव्हता म्हणून."

तिने मान हलवली. मग तिने माझा हात धरला—खरबरीत, गरम हात होता—आणि म्हणाली, "तुमच्यावर केस टाकली म्हणून राग धरू नका, ताई. पोरीने केलं. तिला वाटलं, आईसाठी काहीतरी करावं. पोलीस स्टेशनात त्या दिवशी तुम्ही आलात, आपल्या भाषेत बोललात, ते मी विसरले नाही. माफ करा."

बोलायची वेळ होती का ती? होती. कोर्ट दहा पावलांवर होतं. जज अजून आत होते.

मी म्हटलं, "अहो, राग कसला? जाऊ द्या."

म्हणजे मी तिला माफ केलं. कळलं का तुम्हाला? मी, तिला.

ती लिफ्टऐवजी जिन्याने खाली गेली. बॅरिस्टर फोन संपवून आले, विचारलं, काय म्हणत होती? मी म्हटलं, सॉरी म्हणत होती. ते म्हणाले, भली बाई दिसते.

त्या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. शैला मुलीकडे मिल्टन कीन्सला राहते, एका गोदामात पार्सलं भरायचं काम करते. मिसेस विल्मट त्याच सुमारास वारल्या. मी आता फर्ममध्ये पार्टनर आहे. मंगळवारी पोलीस स्टेशनची पाळी अजून माझ्याकडेच असते, आणि कुणी मराठी माणूस आला की सगळे हौसेने मलाच पाठवतात. मी नाही म्हणू शकत नाही—का नाही म्हणते, असं कुणी विचारलं तर काय सांगू? ही नोकरी सोडायचीही तीच अडचण. सुहास म्हणतो, तू हल्ली फार नोंदी करतेस, जेवताना कुणी बोललेलंसुद्धा लिहून घेशील.

खरं सांगितलं तर माझं लायसन्स जाईल, बहुधा खटलाही होईल. हे दया यावी म्हणून नाही सांगत, मी अडकून का बसले आहे ते सांगतेय. आणि अडकले म्हणजे कुणी कोंडलेलं नाही. शिक्षा फिरून तपासण्यासाठी इथे वेगळी यंत्रणा आहे. त्यांना एक पान लागेल, माझ्या सहीचं. त्यात काय लिहायचं ते मला येतं. दुसऱ्यांसाठी असली निवेदनं लिहिणं हाच माझा धंदा आहे. अर्ध्या तासाचं काम.

ते पान मी लिहिलेलं नाही. हे लिहिलं, तुमच्यासाठी, नावं बदलून, गावंही बदलून. शैलाला यातलं काहीही माहीत नाही.